माणूस हजर आहे का?

म्हैसाळकरांच्या घरात स्वयंपाकाची वाटणी लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात झाली, आणि त्यानंतर तिच्यात दुरुस्ती सुचवायला कोणी धजलं नाही. काय करायचं ते ठरवणं, चिरणं, भाजणं, फोडणी, कणीक, मीठ आणि काल काय उरलंय ते ध्यानात ठेवणं हे सगळं वृंदाबाईंकडे. तिसऱ्या शिट्टीला गॅस बंद करणं उदयरावांकडे.

ही वाटणी कोणाला एकतर्फी वाटेल. उदयरावांना ती कधीच तशी वाटली नाही. त्यांच्या मते फोडणीत चूक झाली तर वर कोथिंबीर पेरून ती झाकता येते; शिट्टीची चूक झाकता येत नाही. एक कमी झाली तर डाळ दाताखाली येते, एक जास्त झाली तर भाताची खळ होते. मिरज जंक्शनवर मालगाडीचा गार्ड म्हणून आयुष्य काढलेल्या माणसाला शिट्टीचं महत्त्व कोणी समजावून सांगायला नको होतं.

रोज सकाळी वृंदाबाई कुकर चढवून बाहेरच्या खोलीत पेटी घेऊन बसत. समोर सतरंजीवर दोघीतिघी विद्यार्थिनी, आणि भिंतीवरच्या पडद्यावर टोरांटोच्या नाडकर्णीबाई, ज्या तिकडची निजानीज झाल्यावर शिकायला बसत. उदयराव स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून पेपर वाचत. वाचत म्हणजे समोर धरत. लक्ष सगळं कुकरकडे. आत शिट्टी झाली की वृंदाबाई भाता न थांबवता विचारत, "किती झाल्या?" हा प्रश्न काळी चारात असे, कारण शिकवताना मध्येच सूर सोडणं त्यांच्या शिस्तीत बसत नव्हतं.

"दोन!" उदयराव ओरडत. हे उत्तर कुठल्याच सुरात नसे.

तिसरी झाली की उदयराव उठत, गॅस बंद करत, आणि "झाल्या!" अशी वर्दी देत. मग वृंदाबाई चालू बंदिश समेवर आणून तास संपवत. गेली कित्येक वर्षं विद्यार्थिनींचा तास घड्याळावर नव्हे, तूरडाळीवर चालत होता. नवराबायकोत इतर बोलणं होत नसे असं नाही. पाणी आलं का, किल्ली कुठाय, हेही होई. पण रोज, न चुकता, एकाने विचारायचं आणि दुसऱ्याने लगेच खरं उत्तर द्यायचं, असं बोलणं एवढं एकच होतं.

मग त्या वर्षी गणपती उठले आणि त्यांच्या गल्लीतले सिलिंडरही उठले. मुंबईपुण्यात ते आधीच बंद झाले होते. सरकारने घरोघरी इंडक्शनची शेगडी सक्तीची केली. म्हैसाळकरांचा कुकर अॅल्युमिनियमचा. या शेगडीवर तो ठेवला काय आणि डोक्यावर घातला काय, सारखाच. तेव्हा हैदराबादहून मृण्मयीने, म्हणजे त्यांच्या मुलीने, 'सुपाक' कंपनीची शेगडी आणि त्यावरचा बोलका कुकर पाठवून दिला.

"आता कुकरकडे बघायचंसुद्धा नाही, बाबा," ती फोनवर म्हणाली. "भांडं सांगेल, शेगडी ऐकेल."

"आणि मी?" उदयरावांनी विचारलं.

"तुम्ही आराम!"

यामागचं विज्ञान समजायला अवघड नाही. इंडक्शनच्या शेगडीत विस्तव नसतोच. काचेखाली तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं. त्यातून सेकंदाला वीस-पंचवीस हजार वेळा उलटसुलट होणारी वीज सोडली की वर तितक्याच वेगाने बदलणारं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. त्या क्षेत्रात चुंबकाला चिकटणाऱ्या बुडाचं भांडं ठेवलं की बुडात विजेचे भोवरे उठतात आणि भांडं स्वतःच तापतं. म्हणजे आत काय शिजतंय, किती शिजलंय, उतू जातंय की करपतंय, हे कळलंच तर भांड्याला कळणार. शेगडीला त्यातलं काही कळत नाही. इतकी वर्षं बटणं मात्र शेगडीवर होती. ज्याला काही कळत नाही त्याच्याच हाती सगळी बटणं, ही व्यवस्था आपल्याकडे कोणाला खटकायचं कारण नव्हतं. 'सुपाक'च्या इंजिनियरांना ती खटकली.

त्यांनी बटणं भांड्यात नेली. बुडात तापमान मोजणारा कण बसवला, झाकणात वाफेचा दाब मोजणारा, मुठीत एक फिरकी आणि शेगडीशी बोलायला छोटा रेडिओ. या सगळ्याला सेल लागत नाही. खालच्या चुंबकीय क्षेत्रातूनच चिमूटभर वीज मिळते. एकच अडचण होती. स्टीलच्या भांड्याच्या आतून रेडिओचा आवाज बाहेर पडत नाही. म्हणून अँटेना बाहेरून, कुकरच्या कानाखाली, एका राखाडी पट्ट्यात घातली. केसाहून बारीक तार, वर रंगाचा मऊ थर.

आता भीती अशी, की माझ्या कुकरने भिंतीपलीकडच्या जोश्यांची शेगडी पेटवली तर? त्यावरचा तोडगा वृंदाबाईंना फार आवडला, कारण तो त्यांच्या धंद्यातला होता. गवई घेतात तशी शेगडी आपल्या चुंबकीय क्षेत्रात अगदी बारीक अशी एक हरकत घेते. ही हरकत चार बोटांपलीकडे पोचत नाही, म्हणजे ती ऐकू येते फक्त काचेवर टेकलेल्या भांड्याला. ते भांडं तीच हरकत रेडिओवरून परत म्हणून दाखवतं. तंतोतंत आली तर शेगडी त्याचं ऐकते. एक श्रुतीही हलली तर ओळख देत नाही. भांडं उचललं की हरकत बदलते. आणि भांडं काहीच बोललं नाही, तर कायद्याप्रमाणे शेगडी एकाच अटीवर चालते. समोर माणूस हवा. दर दोन मिनिटांनी शेगडी त्याला विचारणार, त्याने बटण दाबून हो म्हणायचं, नाहीतर आच बंद. ही शेवटची सोय कोणी वापरेल असं कंपनीला वाटत नव्हतं.

पहिल्या दिवशी उदयराव नेहमीप्रमाणे खुर्ची टाकून बसले. पेपर समोर धरला. आत काहीही झालं नाही. अंतरा झाला, ताना झाल्या, नाडकर्णीबाईंचा निषाद नेहमीच्या जागी घसरला. शेवटी वृंदाबाईंनी स्वतःच उठून आत डोकावलं.

"झाला की," त्या म्हणाल्या.

"काय झाला?"

"कुकर."

"किती झाल्या?" या वेळी प्रश्न उदयरावांनी विचारला.

"एकही नाही. शिट्टी व्हायच्या आधीच तो शेगडीला हळू घ्यायला सांगतो म्हणे." त्यांनी झाकण उघडलं. शितं मोकळी होती आणि डाळ बोटाने दाबून पाहावी लागली नाही. "काय सुंदर शिजलंय हो!"

उदयरावांनी कौतुकाने मान हलवली. अशी मान त्यांनी आयुष्यात पूर्वी एकदा हलवली होती. नोकरीच्या अखेरच्या वर्षांत रेल्वेने मालगाडीच्या शेवटच्या वाघिणीला एक पिवळा डबा अडकवायला सुरुवात केली. गाडी पूर्ण आहे, मध्ये तुटलेली नाही, एवढं तो डबा रेडिओवरून इंजिनाला कळवायचा. गार्ड दुसरं काय करत होता? डबा जेवायला मागत नव्हता, झोपत नव्हता आणि बदलीसाठी अर्ज करत नव्हता. उदयरावांना कंट्रोल ऑफिसात टेबल मिळालं. निरोपाच्या भाषणात साहेब म्हणाले होते, "उदयरावांची जागा कोणी घेऊ शकणार नाही." डबा तेव्हा बाहेर सायडिंगला उभ्या गाडीवर लुकलुकत होता.

आठवड्याभरात वृंदाबाईंनी स्वयंपाकघराच्या दारातली खुर्ची गॅलरीत नेऊन ठेवली.

"तिथं कशाला अडचण," त्या म्हणाल्या, "आणि गॅलरीत उजेड चांगला येतो पेपर वाचायला."

उजेड खरोखरच चांगला होता. पेपरात काही नाही हे त्यात फार स्पष्ट दिसायचं.

उदयरावांनी प्रयत्न केले नाहीत असं नाही. एकदा ते ओट्यापाशी जाऊन म्हणाले, "काही मदत करू का?"

"कशात?" वृंदाबाईंनी विचारलं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. दुसऱ्या दिवशी ते नुसतेच जवळ उभे राहिले, तर "अहो, उजेड सोडा" असं ऐकून घ्यावं लागलं. मग त्यांनी गॅलरीतून हळूच मृण्मयीला फोन लावला.

"त्या कुकरला शिट्टी करायला लावता येतं का गं? एखादं सेटिंग वगैरे?"

"बाबा, शिट्टी हा दोष होता. तो काढलाय."

"हो का," उदयराव म्हणाले. "बरं झालं."

बाहेरच्या खोलीतही सगळं आलबेल नव्हतं, पण ते गॅलरीतून दिसत नव्हतं. तास आता संपायचे नाहीत. वृंदाबाई एकदा अंतऱ्यात शिरल्या की त्यांना बाहेर काढणारं कोणी उरलं नव्हतं. सतरंजीवरच्या विद्यार्थिनी चोरून मनगटाकडे बघत, आणि पडद्यावर नाडकर्णीबाई डोळे मिटून घेत, ते तल्लीनतेने की झोपेने हे पुढच्या तानेपर्यंत कळत नसे.

कोजागरीला गाण्याच्या वर्गाची बैठक होती आणि मसालेभाताचा कुकर हॉलवर न्यायचा होता. आदल्या संध्याकाळी वृंदाबाईंनी तो पिशवीत घालून उदयरावांच्या हाती दिला.

"मगदुमांकडून नाव घालून आणा. चौघींकडे असलेच कुकर आहेत, बदलला तर ओळखायचा कसा?"

उदयराव ताडकन उठले. काम होतं.

मगदूम भांडीवाल्यांचं दुकान जुनं. घ्यायचं भांडं हल्ली सगळं घरपोच येई, पण नाव घालायला माणसं अजून दुकानातच येत. मगदुमांनी कोरायचं मशीन हातात घेतलं, सुई घरघरवून पाहिली आणि विचारलं, "काय घालू गार्डसाहेब? सौ. वृं. उ. म्है. घालतो, झालं."

"वृं. उ. म्है.?" उदयराव म्हणाले. "हे नाव आहे की वाघिणीचा नंबर?"

"सगळे असंच घालतात की वो."

"मी नाही घालत. सौ. वृंदा उदय म्हैसाळकर. खाली मिरज."

"मिरज कशाला? भांडं काय कर्नाटकात जातंय?"

उदयरावांनी विचार करून मिरज सोडलं. मगदूम मुठीपासून सुरू होऊन कडेकडेने निघाले. सुई किरकिरत होती आणि 'वृंदा'तला 'वृं' असा देखणा उमटला की उदयरावांना क्षणभर भरून आलं. 'उदय' झालं. 'म्हैसा' झालं. 'ळ'पाशी मगदूम थांबले.

"जागा संपली. पुढं हा राखाडी पट्टा आलाय. 'कर' खालच्या ओळीत घेऊ?"

"आडनाव मध्ये तोडायचं?" उदयरावांचा आवाज चढला. "मगदूम, आयुष्यात एकदाही मी अर्धी गाडी मागं ठेवून आलेलो नाही."

"मग पट्ट्यावर घालू?"

उदयरावांनी पट्ट्याकडे पाहिलं. 'सुपाक'ची माहितीपुस्तिका त्यांनी पहिल्याच दिवशी वाचली होती. ते सगळंच वाचत. तिच्यात 'कृपया राखाडी पट्ट्यास इजा पोहोचवू नये' असं वाक्य होतं, आणि ते त्यांना तोंडपाठही होतं. पण इजा म्हणजे आपटणं, घासणं, तारेच्या काथ्याने खरवडणं. भांड्यावर नाव घालणं याला इजा म्हणतात हे कुठल्याच मराठी माणसाच्या डोक्यात येणार नाही. ते भांड्याचं बारसं असतं.

"घाला," ते म्हणाले.

सुई लोण्यातून जावी तशी पट्ट्यातून गेली. "मऊ माल हाय," मगदूम म्हणाले. 'कर' तर सगळ्यांत सुंदर उमटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वृंदाबाईंनी कुकर चढवला आणि त्या पेटीवर जाऊन बसल्या. उदयराव गॅलरीत होते. दोनच मिनिटांत आतून एक बायकी, सुशिक्षित आवाज आला.

"भांडे गप्प आहे. माणूस हजर आहे का?"

उदयरावांनी पेपर खाली केला.

"भांडे गप्प आहे. माणूस हजर आहे का?"

ते धावत आत गेले. शेगडीवर एक हिरवं बटण लुकलुकत होतं. त्यांनी ते दाबलं. "आभारी आहे," शेगडी म्हणाली, आणि आच पुन्हा सुरू झाली.

उदयराव तिथेच उभे राहिले. इंजिनात ड्रायव्हरपुढे असलंच एक बटण असतं हे त्यांना माहीत होतं. त्याने काही काळ काहीच हालचाल केली नाही तर दिवा लागतो, मग भोंगा होतो, आणि तरीही बटण दाबलं नाही तर गाडी आपोआप थांबते. ड्रायव्हर लोक त्या बटणाला शिव्या घालत. उदयरावांना त्यांचा हेवा वाटायचा. गार्डाला तसलं बटण नव्हतं. शेवटच्या डब्यातला माणूस हजर आहे का, हे सबंध नोकरीत कोणत्याही यंत्राने विचारलं नव्हतं.

त्यांनी गॅलरीतली खुर्ची आणली, दारात टाकली, पेपर समोर धरला. शेगडीने विचारलं, त्यांनी दाबलं. पुन्हा विचारलं, पुन्हा दाबलं. आता कुकर शेगडीला काही सांगत नव्हता, त्यामुळे हळू घ्यायचं तिला कळायचं कारण नव्हतं. वाफ कोंडत गेली, आणि अचानक सगळं घर दणाणून टाकणारी शिट्टी झाली.

बाहेर पेटी थबकली. भात्याचा एक सुस्कारा ऐकू आला. मग काळी चारात, जणू मध्ये काही घडलंच नव्हतं असा प्रश्न आला, "किती झाल्या?"

"एक!" उदयराव गरजले. शेजारच्या जोश्यांनी नंतर विचारलं, काही आनंदाची बातमी आहे का.

त्या दुपारी उदयरावांनी माहितीपुस्तिका पुन्हा काढली. राखाडी पट्टा, अँटेना, केसाहून बारीक तार. मग कुकर उजेडात धरून 'कर'कडे पाहिलं. 'क'चा दांडा तारेच्या बरोबर मधून गेला होता. जोशी असते तर काही झालं नसतं. पाटील असते तरी निभावलं असतं. त्यांनी पुस्तिका कपाटात, इस्त्रीच्या कपड्यांखाली, व्यवस्थित ठेवली आणि कोणाला काही सांगितलं नाही.

मसालेभाताचं हॉलवर कौतुक झालं. पुढचे काही आठवडे तर उदयरावांच्या आयुष्यातले उत्तम म्हणता येतील. रोज अंघोळ करून, भांग पाडून ते शेगडीपुढे बसत. तास पुन्हा वेळेवर सुटू लागले. पण वृंदाबाईंना बिघडलेली वस्तू घरात खपत नसे.

"मृण्मयीला सांगते कुकर बिघडलाय म्हणून," त्या म्हणाल्या.

"चालतोय की."

"दर दोन मिनिटांनी विचारत बसतो."

"तो नाही, शेगडी विचारते. विचारू दे ना, मी सांगतोय."

"तुम्ही काय जन्मभर बटण दाबत बसणार?"

याचं प्रामाणिक उत्तर 'हो' असं होतं, पण ते देण्यासारखं नव्हतं.

मृण्मयीने तक्रार नोंदवली आणि कंपनीची इंजिनियर आली. प्राजक्ता ऐवळे तिचं नाव. चपळ, हसरी, आणि दारातच बूट काढून थेट ओट्यापाशी जाणारी. उदयराव खुर्चीतून उठले नाहीत. पेपर त्यांनी जरा वर धरला.

प्राजक्ताने कुकर शेगडीवर ठेवला, खिशातून एक यंत्र काढून त्याच्याजवळ नेलं. "शेगडी हरकत घेतेय काकू. भांड्याला ती ऐकूही येतेय. पण उत्तर बाहेर पडत नाहीय. घसा गेलाय बिचाऱ्याचा." मग तिने कुकर फिरवला आणि मोठ्याने वाचलं. "सौ. वृंदा उदय म्हैसाळ... अगं बाई. इथंही 'कर'!"

"इथंही म्हणजे?" वृंदाबाईंनी विचारलं.

"काय सांगू काकू! देशभर विकलेत हे कुकर, पण गप्प पडतात ते बहुतेक आपल्याकडचेच. बंगलोरच्या ऑफिसात नकाशा लावलाय, लाल ठिपक्यांचा. कोणी म्हणतं इथल्या पाण्यात क्षार आहेत, कोणी म्हणतं हवेत काहीतरी आहे. मी म्हटलं, आडनावं मोजा. जोश्यांचे, माने-मोरेंचे ठणठणीत. गेले ते सगळे चिपळूणकर, इचलकरंजीकर. कुलकर्णींचे अर्धे." ती उदयरावांच्या पेपरकडे वळली. "पुस्तिकेत लिहिलंय ना काका, पट्ट्याला इजा पोहोचवू नका म्हणून?"

"वाचलंय," पेपरामागून उदयराव म्हणाले. वाचलेलं वाचलं नाही म्हणणं त्यांना जमत नसे.

"कधी वाचलंत?" हा प्रश्न वृंदाबाईंचा होता, आणि तो सुरात नव्हता.

उदयरावांनी पेपर खाली केला. रेल्वेत चौकशी समित्यांपुढे त्यांनी अनेक जबान्या दिल्या होत्या. त्यात ते एक शिकले होते, की विचारलं तेवढंच सांगावं. "पहिल्याच दिवशी," ते म्हणाले. मग कोणी काही विचारलं नाही तरी त्यांनी पुढे सांगितलं, "आणि कोजागरीच्या दुपारी परत एकदा. तेव्हा कळलं कशामुळे झालं ते."

"म्हणजे इतके दिवस तुम्हाला ठाऊक होतं."

"हो."

ओट्यावर शेगडीने विचारलं, "माणूस हजर आहे का?" कोणी बटण दाबलं नाही. आच बंद झाली.

"नवीन आणून द्या," वृंदाबाई प्राजक्ताला म्हणाल्या.

प्राजक्ता गेल्यावर उदयरावांनी खुर्ची स्वतःच उचलली आणि गॅलरीत नेऊन ठेवली. वृंदाबाई बघत होत्या. उदयरावांना वाटलं, थोडं बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

नवा कुकर आला. बोलका होता, म्हणजे घरात पुन्हा शांतता झाली. पहिल्या सकाळी उदयराव गॅलरीत बसून पेपरातल्या निविदा वाचत होते. आत अंतरा तिसऱ्यांदा सुरू झाला होता. सतरंजीवरची एक विद्यार्थिनी खोकली, दुसरी मनगटाकडे बघून खोकली. मग पडद्यावरून नाडकर्णीबाईंचा आवाज आला.

"ताई, एक विचारू का? या बंदिशीत अंतऱ्याआधी एक ओळ होती. मध्ये काही दिवस आपण ती गाळली होती, मग पुन्हा घेतली, आणि आज परत नाही."

"कुठली ओळ?" वृंदाबाईंनी विचारलं.

नाडकर्णीबाईंनी डोळे मिटले आणि काळी चारात, निषाद अजिबात न घसरू देता, गाऊन दाखवली. "किती झाल्याऽऽ... आणि मग लांबून एक पुरुषाचा आवाज येतो ना, 'दोन' असं काहीतरी? मला तो फार आवडायचा. बेसूर असतो, पण बरोबर समेवर येतो."

सतरंजीवर कोणीतरी फुसकन हसलं. पेटीचा भाता हळूहळू रिकामा झाला. गॅलरीत उदयराव एकच निविदा दुसऱ्यांदा वाचत होते. ती नाल्यावरच्या जाळीची होती.

"आज इथंच थांबू या," वृंदाबाई म्हणाल्या.

विद्यार्थिनी गेल्या. आत भांड्यांची थोडी खुडबूड झाली, पाण्याचा नळ सुटला, बंद झाला. मग वृंदाबाई गॅलरीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. हातात पिशवी होती. त्यांनी ती उदयरावांच्या मांडीवर, पेपरवरच, ठेवली. नुकत्याच धुतलेल्या कुकरमुळे नाल्यावरची जाळी भिजली.

"मगदुमांकडं जाऊन या. नाव घालायचं राहिलंय."

उदयरावांनी पिशवीत पाहिलं. "अगं, पण ती मुलगी काय म्हणाली..."

"ती म्हणाली ते मी ऐकलंय. इतकी वर्षं गाणं शिकवतेय, कान आहेत मला."

"तसं आखूड घालता येईल. सौ. वृं. उ. म्है. म्हणजे पट्ट्याच्या अलीकडेच..."

"वृं. उ. म्है.? माझं नाव आहे ते. पूर्ण घालून आणा."

उदयराव हळूच म्हणाले, "'म्हैसाळ'पाशी जागा संपते."

"माहितेय," वृंदाबाई म्हणाल्या. "'कर' आधी जिथं होतं तिथंच येऊ दे. आणि उठा आता, मला ही खुर्ची आत न्यायचीय."